जुन्या संगणकात मोठी हार्ड डिस्क घालताना

डिस्क विकत घेण्याआधी कॅबिनेट उघडून केबल बघा. रुंद, चपटी पट्टी म्हणजे आयडीई, डिस्क जोडायची जुनी पद्धत. अरुंद असेल तर साटा, म्हणजे त्यानंतरची पद्धत. साटा असेल तर बरंच सोपं आहे, नवी डिस्क जुन्या पोर्टवरही सहसा चालते.

खरी अडचण बायोसची, म्हणजे संगणक सुरू होताना सर्वात आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रामची. फार जुना बायोस १३७ जीबीच्या पुढचं ओळखतच नाही. शिवाय एमबीआर, म्हणजे डिस्कचे भाग पाडायच्या जुन्या पद्धतीच्या विभागणीत सुमारे २ टीबीपलीकडची जागा वापरता येत नाही. त्यासाठी जीपीटी ही नवी विभागणी लागते, आणि जीपीटी डिस्कवरून विंडोज सुरू व्हायला यूईएफआय, म्हणजे बायोसची जागा घेणारा नवा प्रोग्राम, हवं. ते नसेल तर २ टीबीवरच थांबा, उगाच पैसे अडकवू नका.

क्लोन करताना, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत नव्या डिस्कवर उतरवताना, मूळ डिस्क कोणती, नवी कोणती, हे दोनदा तपासा. उलट झालं तर सगळा डेटा जातो! म्हणून महत्त्वाच्या फाइलींचा बॅकअप आधीच वेगळा काढा, आणि जुनी डिस्क महिनाभर तरी पुसू नका.