दुसरा ड्रॉप नको, आधी मुलाशी बोला

(रत्नागिरीच्या एका ट्रॉलरमालक वडिलांचं पत्र: मुलाला बारावीला ७४ टक्के. जेईईसाठी एक वर्ष ड्रॉप घेतला, जमलं नाही. आता दुसरा ड्रॉप घ्यायला लावायचा आहे. मुलगा मात्र भूगर्भशास्त्राचा हट्ट धरून बसलाय.)

तुमच्या मुलाच्या गुणांची मला काळजी वाटत नाही. वाटते ती तुमच्या एका वाक्याची: ‘सारखे अंदमानचे नकाशे बघतो म्हणून मोबाइल काढून घेतला.’ अहो, पोरगा आपणहून नकाशे वाचतोय आणि त्याची तुम्ही त्याला शिक्षा करताय! पत्रभर ‘आम्ही ठरवलंय’ आहे. त्याला हे का आवडतं, हे कोणी विचारलेलं दिसत नाही. दुसरा ड्रॉप अजिबात नको. धाकाने मार्क वाढत नाहीत, मूल खचतं.

तुम्ही लिहिता, ‘भूकंप कधी होणार हे कोणालाच सांगता येत नाही, मग ते शिकून करणार काय?’ सांगता येत नाही, हे खरं. पण या शास्त्राचं काम तेवढंच नाही. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात उत्तर अंदमानचा किनारा वर उचलला गेला. डिगलीपूरच्या बाजूला प्रवाळ पाण्याबाहेर येऊन मेले. त्याच भूकंपात ग्रेट निकोबारचं इंदिरा पॉइंट सुमारे सव्वाचार मीटर खचलं, दीपगृहाचा पाया समुद्रात गेला. पोर्ट ब्लेअरजवळ सिप्पीघाटला जमीन खचल्याने शेतांत भरतीचं पाणी शिरलं. जपानच्या नोटो द्वीपकल्पात १ जानेवारी २०२४ च्या भूकंपात किनारा काही ठिकाणी चार मीटरपर्यंत उचलला गेला, बंदरांचे तळ उघडे पडले, बोटी जागच्या जागी रुतल्या. बंदराच्या तोंडाशी गाळ साचला की काय हाल होतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. नोटोत तर तळच वर आला. आता गाळ उपसायचा, की खडक फोडायचा, की जेट्टी पुढे न्यायची? जमीन किती हलली आणि अजून हलतेय का, हे मोजल्याशिवाय ठरवता येत नाही. ते मोजणारी माणसं लागतात.

भूगर्भशास्त्रात बीएस्सी, आयआयटी जॅम (एमएस्सीची प्रवेश परीक्षा), एमएस्सी, मग सरकारी भूवैज्ञानिक होण्यासाठी यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा: हा रस्ता मळलेला आहे.

पण त्याला एक नक्की विचारा: जमीन का हलते यात त्याला रस आहे, की त्यानंतर बंदर पुन्हा कसं उभं करायचं यात? दुसरं असेल, तर सीईटीवर मिळेल त्या बऱ्या कॉलेजात सिव्हिल घेऊ दे, पुढे सागरी अभियांत्रिकी (जहाजांची नव्हे, बंदरं-किनाऱ्यांच्या बांधकामांची) करता येईल. पुण्याजवळ खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात बंदरांच्या प्रतिकृती करून लाटांचा अभ्यास होतो. त्याचं उत्तर येईपर्यंत क्लासची फी भरू नका.