टेक्स्टाइलमध्ये पीएचडी करायला बाहेर जायचंय, पण शेत विकू नका

तू विचारलंस की एमटेक झालंय, स्मार्ट आणि सस्टेनेबल टेक्स्टाइलमध्ये रिसर्च करायचाय, पप्पा पारोळ्याचं दोन एकर विकून मास्टर्सला पाठवायला तयार आहेत, तर जाऊ का. अगं नको, आधी पप्पांना थांबव!

मी अमळनेरची, पीएचडी स्वीडनमध्ये बुरोसला केली. तिकडे पीएचडी म्हणजे नोकरीच, पगार, टॅक्स, सुट्ट्या सगळं, 4 वर्षांचं काम आणि मधे शिकवायचं असेल तर 5. फी नाही. फी लागते ती मास्टर्सला, 2011 पासून युरोपबाहेरच्यांना. जर्मनीत आखेन, ड्रेस्डेन, बेल्जियममध्ये गेंट इथेही प्रोजेक्टवर पगारी जागा निघतात, युनिव्हर्सिटीच्या जॉब पेजवर रोज बघत जा.

आता अर्जाचं. मी पहिल्यांदा सगळ्यांना एकच मेल पाठवला, कुणाचंच उत्तर नाही आलं. नंतर एकच प्रश्न धरला. स्मार्ट कपड्यात चांदीचं कोटिंग असलेला, वीज वाहणारा नायलॉनचा धागा सेन्सर म्हणून विणतात, पण धुताना घासून चांदी निघते, रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा) वाढतो आणि रीडिंग बिघडतं, बरं कपडा फाटल्यावर धातू आणि धागा वेगळे करणं फार अवघड, म्हणजे रिसायकलिंगही अडतं. स्मार्ट आणि सस्टेनेबल एकमेकांच्या आड येतात ते इथेच, आणि खरं काम पण इथेच आहे.

केळीच्या खोडाचा धागा वापरणार म्हणतेस, मला मनापासून आवडलं. घड कापला की खोड बांधावरच पडतं हे आपण लहानपणापासून बघतोय. पण अर्जात नुसतं 'इको-फ्रेंडली' लिहू नको गं. त्या धाग्यात लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारा पदार्थ, असतं म्हणून तो कडक, कापसाच्या मशीनवर सरळ कातला जात नाही, मऊ करायला केमिकल आणि पाणी लागतं, ते किती लागतं ते मोजून लिही. मोजलेलं असलं की प्रोफेसर थांबून वाचतात.

पुढचं पण ऐकून ठेव. पीएचडीनंतर पोस्टडॉक, म्हणजे तात्पुरती रिसर्चची नोकरी, वर्ष-दोन वर्षांच्या करारावर, परत परत गाव बदलायचं, जर्मनीत तर अशा करारांना पीएचडीआधी 6 आणि नंतर 6 वर्षं अशी कायद्याचीच मर्यादा आहे. डिसेंबरात बुरोसला साडेतीनलाच अंधार पडतो, पहिल्या वर्षी मला घरच्या कळण्याच्या भाकरीची आठवण येऊन रडू यायचं, ते खरंच जड जातं.

थिसिसचा एक पानाचा सारांश पाठव, मी वाचते. पण त्यात आधी धुण्याआधीचे आणि 20 धुण्यांनंतरचे आकडे टाक.