सासूबाईंना कोणी विचारले?

सप्रेम नमस्कार,

माझे वय 31 आहे. पुण्यात वाकडला राहते आणि हिंजवडीतल्या एका मोठ्या कंपनीत नोकरी करते. मुलगी चार महिन्यांची आहे. बाळंतपण माहेरी, नाशिकला झाले. तीन महिन्यांनी मी घरी परतले आणि त्याच आठवड्यात सासूबाई विट्याहून आमच्याकडे आल्या. त्या स्वभावाने वाईट नाहीत, पण बाळाच्या बाबतीत माझे काहीच ऐकत नाहीत. मध आणि गुटी देऊ नका, असे डॉक्टरांनी आम्हा दोघांना स्पष्ट सांगितले आहे, तरी मी आंघोळीला गेले की त्या सहाणेवर गुटी उगाळून मधातून चाटवतात. डोळ्यांत काजळ घालतात. बाळ जरा रडले की ‘तुझं दूध तिला पुरत नाही’ म्हणत माझ्या मांडीवरून उचलून नेतात. मी नियमांची यादी करून फ्रिजवर लावली. त्यांनी ती वाचली, काही बोलल्या नाहीत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. रात्री नऊला गॅलरीचे दार लोटून त्या सासऱ्यांशी फोनवर बोलत बसतात. माझ्याबद्दलच बोलत असणार. नवरा म्हणतो, ‘आईला दुखवू नकोस.’ त्यांना न दुखावता मर्यादा कशा आखाव्यात? (पुढच्या महिन्याच्या 10 तारखेला मी कामावर रुजू होत आहे. तेव्हा बाळ दिवसभर त्यांच्याकडेच असेल, म्हणून हे लवकर मार्गी लागायला हवे. सासऱ्यांना गावी डबा लावून दिला आहे.)

– एक वाचक, पुणे

*

मधापासून सुरुवात करते, कारण बाकी सगळे चार दिवस थांबू शकते, मध थांबू शकत नाही. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्या माणसाच्या पोटात ते बहुधा काही करत नाहीत, पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करू शकतात. मग बाळाला बद्धकोष्ठ होते, रडणे क्षीण होते, दूध ओढण्याची ताकद कमी होते, मान ढिली पडते. असे क्वचितच होते, परंतु झाले तर बाळाला अतिदक्षता विभागात ठेवावे लागते आणि श्वासासाठी यंत्राचा आधारही द्यावा लागू शकतो. मध घरच्या पोळ्याचा असो, रानातला असो की दुकानातला, यातून कोणताही सुटत नाही. सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळाला आईच्या दुधाखेरीज काहीही, अगदी पाणीसुद्धा द्यायचे नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेचेही सांगणे आहे. तेव्हा गुटीही बंद. डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध तेवढे याला अपवाद.

मात्र हे सासूबाईंना तुम्ही सांगू नका आणि कागदावर लिहून तर मुळीच सांगू नका. डॉक्टरांनी ‘आम्हा दोघांना’ सांगितले, असे तुम्ही लिहिता. म्हणजे जी व्यक्ती रोज बाळाला मध चाटवते, ती एकटीच त्या खोलीत नव्हती. उद्याच डॉक्टरांची वेळ घ्या, तुमच्या यजमानांनी आईला सोबत न्यावे, बाळ त्यांच्याच मांडीवर असू द्यावे आणि डॉक्टरांना विनंती करावी की, जे सांगायचे ते आजीकडे बघून सांगा. गुटीत जायफळाचा वेढा एक की दोन, हे ज्या बाईने आयुष्यभर जपून ठरवले, तिला सुनेच्या यादीतून ‘गुटी नको’ असे वाचायला लावणे हा तिचा अपमान आहे. डॉक्टरांनी समोर बसवून कारण सांगितले तर त्यात अपमान नाही. त्याच भेटीत बाळाचे वजन करून घ्या आणि कार्डावर वजनाची रेघ कशी चढते आहे, ते डॉक्टरांनाच त्यांना दाखवू द्या. वजन नीट वाढत असेल आणि चोवीस तासांत सहा किंवा अधिक दुपटी ओली होत असतील, तर दूध पुरते आहे. हा वाद तिथेच मिटेल.

आता तुमच्या पत्राच्या शेवटाकडे येते.

संपूर्ण पत्रात सर्वांत मोठी गोष्ट तुम्ही कंसात घातली आहे. पुढच्या महिन्याच्या 10 तारखेपासून चार-पाच महिन्यांचे बाळ दिवसभर सासूबाई सांभाळणार आहेत. हे कधी ठरले? कोणी ठरवले? त्यांना विचारले का? तुमचे पत्र मी पुन्हा पुन्हा वाचले, पण त्यांनी होकार दिल्याचे एकही वाक्य मला त्यात सापडले नाही. ‘सासऱ्यांना गावी डबा लावून दिला आहे’ या वाक्यात डबा कोणी लावला, याचाही पत्ता लागत नाही. एका घरातली बाई उचलून दुसऱ्या घरात आणली, मागे राहिलेल्या माणसाच्या जेवणाची परस्पर सोय केली आणि आता ती बाई आपल्या सोयीने वागत नाही, अशी तुमची तक्रार आहे. क्षमा करा, पण या तक्रारीत मी तुमच्या बाजूने नाही आणि ‘आईला दुखवू नकोस’ म्हणणाऱ्या तुमच्या यजमानांच्या बाजूने तर अजिबातच नाही.

बाळ सांभाळायला बाहेरची बाई ठेवली असती, तर तुम्ही दोघांनी तिच्याशी काय काय बोलून घेतले असते? किती वाजता येणार, किती वाजता जाणार, पगार किती, रविवारी सुट्टी का, दिवाळीत गावी जाणार का, आजारी पडली तर काय करायचे आणि हे काम तिला करायचे आहे का, हे तर सर्वांत आधी. यातला एकही प्रश्न सासूबाईंच्या वाट्याला आलेला नाही. ‘आई आहे ना!’ एवढ्यावर सगळे गृहीत धरले गेले. नातीला खेळवण्याची हौस प्रत्येक आजीला असते, हे खरे. पण नातीला मांडीवर घेऊन तासभर गाणी म्हणणे निराळे आणि आठवड्याचे पाच दिवस, रोज दहा तास, वर्ष-दोन वर्षे तिची जबाबदारी घेणे निराळे. दुसऱ्या गोष्टीला त्या कदाचित आनंदाने हो म्हणतील. कदाचित म्हणणार नाहीत. तुम्हाला ते माहीत नाही, कारण तुम्ही विचारलेले नाही.

त्या रात्री नऊच्या फोनबद्दलही थोडे बोलते. इतक्या वर्षांच्या संसारानंतर ज्यांचे यजमान गावी एकटे राहून डब्याची भाजी खात आहेत, ती बाई रात्री फोन लावून काय विचारत असेल? जेवलात का, गोळी घेतलीत का, मागचे दार लावले का, हेच. तुम्ही मात्र त्या फोनमध्ये स्वतःविषयीच्या चुगल्या ऐकता. दार लोटून का बोलतात, असे तुम्हाला वाटत असेल. मुलाच्या दोन खोल्यांच्या घरात स्वतःच्या नवऱ्याशी निवांत बोलायला त्यांना गॅलरीखेरीज दुसरी जागा कुठे आहे?

10 तारखेनंतरचा एक दिवस डोळ्यांसमोर आणा. सकाळी साडेआठला तुम्ही बाहेर पडलात. हिंजवडीची गर्दी धरता परत यायला सात तरी होणार. साडेअकराला बाळ जागे झाले, काढून ठेवलेले दूध कोमट करून वाटी-चमच्याने पाजायला घेतले, तर बाळाने तोंड फिरवले. ते थुंकते आहे, ताठ होऊन रडते आहे, तुम्ही मीटिंगमध्ये आहात आणि फोन उचलत नाही. बाहेर काढलेले दूध पंचवीस अंशांच्या आसपासच्या खोलीत चार तासांपर्यंतच ठेवायचे असते, उन्हाळ्यात त्याहून कमी. ते आता टाकायचे की पुन्हा अर्ध्या तासाने पाजून पाहायचे, बाळाला खांद्यावर घेऊन फिरवायचे की झोळीत घालायचे, अंग गरम लागते आहे ते रडून की तापाने, हे सगळे त्या घरात एकट्या असलेल्या सासूबाईंनी ठरवायचे आहे. फ्रिजवरच्या तुमच्या यादीत यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर नाही आणि असूही शकत नाही. दहा तास बाळ ज्याच्या हाती सोपवायचे, त्याच्यावर निर्णयही सोपवावे लागतात. तुम्हाला घरी असताना सासूबाई पाहुण्यासारख्या हव्यात आणि तुम्ही ऑफिसला गेलात की बाळाची सगळी जोखीम त्यांच्या डोक्यावर हवी. ही मागणी कोणत्याही माणसाकडून पुरी होणार नाही.

म्हणून मी तुम्हाला मर्यादा आखायचे दहा उपाय सांगत नाही, एकच गोष्ट करा म्हणते. येत्या रविवारी तुम्ही दोघांनी मिळून सासूबाईंना विचारा.

पण विचारण्याला अर्थ यायचा तर त्यांना नाही म्हणता आले पाहिजे. दुसरी सोय नसताना ‘तुम्ही बाळाला सांभाळाल का?’ असे विचारणे म्हणजे होकार वसूल करणे. तेव्हा त्याआधी तुमच्या कंपनीत चौकशी करा. प्रसूती लाभ कायद्यातल्या 2017 सालच्या दुरुस्तीने बाळंतपणाची भरपगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवडे झाली, तिचा लाभ तुम्ही घेतच आहात. त्याच दुरुस्तीने 50 किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सोय करण्याची जबाबदारी टाकली आणि आईला दिवसातून 4 वेळा बाळाकडे जाण्याची मुभा दिली. बाळ 15 महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळात बाळाला पाजण्यासाठी 2 सुट्ट्या मिळण्याचा हक्क तर त्याच्याही आधीपासून कायद्यात आहे. मोठ्या कंपनीत काम करूनही तुमच्या पत्रात पाळणाघर हा शब्दच नाही, कारण ‘आई आहे ना!’ म्हटल्यावर ती चौकशी करण्याची गरज कोणाला वाटलीच नाही. मनुष्यबळ विभागाला लेखी विचारा. शनिवारी वाकड-हिंजवडी भागातली दोन पाळणाघरे दोघांनी जाऊन पाहा. काही ठिकाणी सहा महिन्यांखालचे बाळ घेत नाहीत, म्हणून आधी फोन करा. एका बाईकडे किती बाळे असतात, बाळांना झोपवतात कुठे, काढून आणलेले दूध कसे ठेवतात, हे नीट बघून घ्या.

रविवारी पहिले वाक्य तुमच्या यजमानांनी बोलायचे आहे, कारण आईला गृहीत त्यांनी धरले. ‘आई, आम्ही तुला न विचारताच सगळं ठरवून टाकलं. 10 तारखेपासून बाळाला दिवसभर सांभाळणं तुला जमेल का आणि तुला ते करायचं आहे का? नाही म्हणालीस तरी चालेल, आम्ही पाळणाघर बघून ठेवलं आहे.’ इतके म्हणून दोघांनी गप्प बसायचे. ‘अहो आई, तसं नाही, तुमच्याशिवाय कोण आहे?’ असली गोडवाणी तुम्ही मध्ये आणायची नाही. त्या लगेच ‘हो’ म्हणाल्या तर तो होकार त्या दिवशी घेऊ नका. आधी बाबांशी बोला आणि मग सांगा, असे म्हणा.

त्यांनी खरोखर होकार दिला, तर त्यांची सोय त्यांच्या सांगण्यानुसार लावायची. बाबांनी इकडे यायचे की त्यांनी दर पंधरा दिवसांनी विट्याला जायचे, हे त्या दोघांना ठरवू द्या. एसटीचा चार-पाच तासांचा प्रवास आहे. त्या शुक्रवारी तुम्ही रजा काढावी की यजमानांनी, ते तुमचे तुम्ही बघा. पोळ्या-भांड्यांना बाई लावा, बाळ सांभाळणाऱ्या माणसाने ओट्यापाशीही उभे राहायचे, हे चालणार नाही. मग तुमच्या मर्यादांपैकी मोजक्याच शिल्लक राहतील: सहा महिन्यांपर्यंत तोंडात दुधाखेरीज काही नाही, वर्षाच्या आत मध नाही, काजळ डोळ्यांत नाही, ताप आला तर घरचे औषध न देता आधी फोन. काजळात शिशासारखा विषारी धातू असू शकतो, म्हणून तीट लावायचीच तर तळपायाला लावावी. बाकी तेल कोणते, टोपडे किती वेळ, झोळी की पाळणा, संध्याकाळी मीठ-मोहरीने दृष्ट काढायची का, हे सगळे त्यांचे. तुम्हाला न आवडणाऱ्या काही गोष्टी रोज घडतील आणि त्या तुम्ही घडू द्यायच्या आहेत. तुमच्या मांडीवरचे रडते बाळ उचलून नेण्याबद्दल मात्र तुम्ही स्वतः, त्यांच्याकडे बघून, ‘आई, दोन मिनिटं थांबा, मला शांत करू द्या’ असे म्हणा. हे एक वाक्य तुमच्या तोंडून त्यांनी अजून ऐकलेलेच नाही.

आणि त्या नाही म्हणाल्या, तर ते नाही मोकळ्या मनाने घ्या. रुसवा धरू नका, नातेवाइकांत बोलू नका, ‘आमच्या आईंनी ऐनवेळी हात वर केले’ असे तुमच्या माहेरी सांगू नका. तुमच्या यजमानांनी आईला विट्याला स्वतः पोचवावे. बाळाला पाळणाघराची सवय लावायला पहिला आठवडा त्यांनीच रजा काढावी, रोज थोडा थोडा वेळ वाढवत तिथे बसावे. खाजगी नोकरीत वडिलांना अशी रजा देण्याची सक्ती कायद्यात नाही, पण साठलेली रजा वापरण्यापासून त्यांना कोणी अडवलेले नाही. सासूबाईंचे उत्तर काहीही येवो, रजेचा तो अर्ज यजमानांना उद्याच टाकायला सांगा.