वृद्धाश्रमाचा कारभारी बदलला, तर आईंची खोली जाते का?

आपल्या पत्रातील हकीकत थोडक्यात अशी: आपल्या मातोश्री ६ वर्षांपासून लातूरजवळच्या एका वृद्धाश्रमात राहतात. संस्थापक अध्यक्ष वारले आणि तेरावा होताच त्यांच्या पुतण्याने भोजनगृहाच्या दारावर ‘यापुढे प्रशासक म्हणून मी कारभार पाहीन’ असा कागद चिकटवला. अनामत नव्याने भरा, बाँडवर सही करा, नाहीतर खोली सोडा, असा तगादा आता सुरू आहे. शिवाय इमारत ‘नीट’च्या विद्यार्थ्यांना वसतिगृह म्हणून देणार असल्याची कुणकुण आहे.

प्रशासक हा सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशाने नेमला जातो. पुतण्या असणे ही काही नेमणूक नव्हे. आदेश असेल तर त्यावर जावक क्रमांक आणि तारीख असेल, तो लेखी मागा.

संस्थेने पगारी व्यवस्थापक बदलला असेल, तर तो तिचा अंतर्गत प्रश्न आहे. विश्वस्त बदलले असतील, तर मात्र महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाकडे बदल अर्ज, म्हणजे आपल्याकडे सर्रास म्हणतात तो ‘चेंज रिपोर्ट’, दाखल करावा लागतो. हा अर्ज प्रलंबित आहे एवढ्यावरून नवे विश्वस्त बेकायदा ठरत नाहीत, कारण अर्ज ही घडून गेलेल्या बदलाची नोंद असते. तो बदल संस्थेच्या घटनेप्रमाणे, सभेची रीतसर सूचना काढून आणि ठरावाने झाला का, हाच खरा वादाचा मुद्दा असतो. वारसाहक्काने विश्वस्तपद घटनेत तशी तरतूद असल्याशिवाय मिळत नाही. म्हणून परिशिष्ट १ चा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातील संस्थेच्या नोंदीचा, उतारा आणि बदल अर्जाची नक्कल काढा. यात दिरंगाई नको: २०१७ च्या दुरुस्तीनंतर असा बदल १५ कामकाजाच्या दिवसांत तात्पुरता मान्य होऊ शकतो, आणि पुढे हरकतींसाठी ३० दिवसच मिळतात.

हरकत कोण घेऊ शकतो, हे आईंच्या अनामतीच्या पावतीवरच कळेल. नोंदणी क्रमांकाआधी ‘ई’ असेल, तर लाभार्थी म्हणून त्या स्वतः हितसंबंधी व्यक्ती ठरतात. ‘एफ’ असेल, तर ती संस्था सोसायटी, म्हणजे सभासदांची संस्था, म्हणूनही नोंदलेली आहे. अशा वेळी संस्थेच्या एखाद्या सभासदाची सही सोबत घेतलेली बरी.

मला अधिक काळजी वाटते ती वसतिगृहाची. न्यासाची इमारत ३ वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची, तर कलम ३६ नुसार धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. मिळकत गैरमार्गाने हस्तांतरित होण्याचा धोका दिसत असेल, तर किमान दोन हितसंबंधी व्यक्तींनी प्रतिज्ञापत्रासह कलम ४१-ई खाली मनाई मागावी. नोंदणी ‘ई’ची असेल, तर आई आणि त्यांच्या खोलीतील सोबतीण एवढ्या दोघीही पुरतात.

अनामत संस्थेने घेतली आहे, अध्यक्षांनी स्वतःसाठी नव्हे. त्यामुळे माणसे बदलली तरी संस्थेची देयता संपत नाही. बाँडवर तूर्त सही करू नये. तसे कळवणारे पत्र देऊन पोच घ्यावी, आणि मूळ पावती कितीही गोड बोलून मागितली तरी देऊ नये, छायाप्रत द्यावी.