पीटरपासून नको, 1649 पासून सुरू कर

अठराव्या शतकातली रशियन फौजदारी प्रक्रिया शिकायची तर थेट पीटर द ग्रेटपाशी उडी मारू नकोस. आधी रशियाची 1649 ची कायदेसंहिता चाळ, म्हणजे पीटरच्या 1697 च्या हुकमाने काय मोडलं ते कळेल: वादी-प्रतिवादींनी समोरासमोर भांडणं बंद, त्याऐवजी ‘रोझिस्क’, म्हणजे न्यायाधीशानेच चौकशी करायची. 1716 च्या लष्करी संहितेला जोडलेल्या खटल्याच्या नियमांवर मात्र निवांत वेळ घाल. तिथे कबुली हा सर्वांत मोठा पुरावा. मग ती वदवून घ्यायला छळ आलाच. खरी गोम तिथे आहे. 1723 च्या हुकमाने समोरासमोरचा खटला परत आणला, पण राजद्रोहासारखे गुन्हे वगळून. नवखे इथे हमखास अडखळतात. मीही अडखळलो होतो.

सम्राज्ञी दुसऱ्या कॅथरीनच्या 1767 च्या ‘नकाझ’ला, म्हणजे नवे कायदे रचणाऱ्या आयोगाला तिने दिलेल्या सूचनांना, भुलू नकोस. त्यात छळाचा निषेध आहे, पण तो कायदा नव्हता. छळावर औपचारिक बंदी आली ती 1801 मध्ये, पहिल्या अलेक्झांडरच्या हुकमाने. माझ्या मते कॅथरीनचं मोठं काम 1775 चं: प्रांतांत फौजदारी आणि दिवाणी न्यायकक्ष वेगळे झाले.

आणि हो, तारखा जुन्या, म्हणजे ज्युलियन, दिनदर्शिकेच्या असतात. अठराव्या शतकात आजच्या दिनदर्शिकेशी 11 दिवसांचा फरक धर.