मुलाचा राग, जिमचं इंजेक्शन आणि गेटवरची थोबाडीत

मानेवाड्याहून एका आईचं पत्र: "ताई, मुलगा १७ वर्षांचा, बारावीत. दिवाळीपासून जिमला जातो. आता जरा बोललं की ताट भिरकावतो. गेल्या महिन्यात ट्यूशनबाहेर गाडी लावण्यावरून एका मुलाचं नाक फोडलं. प्रकरण आपसात मिटवलं. त्याच्या बॅगेत इंजेक्शनच्या छोट्या बाटल्या सापडल्या. दीर म्हणतात, या वयात हार्मोन डोक्यात चढतात, पंचविशीनंतर आपोआप निवळेल. यांनी त्याला सोसायटीच्या गेटवर चार लोकांदेखत थोबाडीत मारली, तेव्हापासून तो आमच्यासोबत जेवायला बसत नाही. रक्त तपासलं तर कळेल का, तो गुन्हेगार होणार आहे का?"

नाही कळणार, ताई. असं सांगणारी रक्ततपासणी जगात कुठेच नाही, आणि कुणी तसं सांगून पैसे मागितले तर देऊ नका.

आधी त्या बाटल्या. वरचं नाव वाचा. टेस्टोस्टेरॉन (पुरुषांचं मुख्य हार्मोन), नँड्रोलोन असं काही असेल तर ते शरीर फुगवणारं स्टेरॉइड आहे. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकताच येत नाही. बाहेरून एवढं टेस्टोस्टेरॉन मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं, वृषणं आक्रसतात, पुरळ येतं, छाती सुजू शकते. वाढत्या वयात हाडांची टोकं लवकर जुळली तर उंची तिथेच थांबते. चिडचिड आणि मारामारीची खुमखुमीही अशा मोठ्या मात्रेनं वाढू शकते. पण बाटल्या गुपचूप फेकून देऊ नका. अचानक बंद केल्यावर काही मुलं खोल निराशेत जातात. त्या घेऊन मुलासकट मेडिकल कॉलेजच्या सरकारी रुग्णालयात जा, हार्मोनच्या डॉक्टरांना दाखवा आणि काहीही लपवू नका.

आता तुमच्या दिरांचं म्हणणं. अर्धं खरं आहे. पुरुषांचे हिंसक गुन्हे विशीच्या आसपास सर्वांत जास्त असतात, असं बहुतेक देशांत दिसतं. १९९५ साली अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ जेम्स डॅब्स यांनी ६९२ पुरुष कैद्यांची लाळ तपासली, तेव्हा हिंसक आणि लैंगिक गुन्ह्यांतल्या कैद्यांमध्ये टेस्टोस्टेरॉन जास्त आढळलं. अशा मथळ्यांवरूनच ही समजूत घराघरात पोचली. मात्र सगळे अभ्यास एकत्र पाहिले तर हार्मोन आणि मारामारी यांचा संबंध फार बारीक निघतो. शिवाय तो दोन्ही बाजूंनी चालतो. स्पर्धा जिंकली की हार्मोन वाढतं, हरलं की बहुधा उतरतं. फिलिपाइन्समधल्या सेबू शहरात ६२४ तरुणांना काही वर्षांच्या अंतरानं तपासलं. जे मधल्या काळात बाप झाले, त्यांचं टेस्टोस्टेरॉन इतरांपेक्षा बरंच खाली आलं होतं. म्हणजे माणूस कसा जगतो, हेही रक्तात उतरतं. पंचविशीनंतर मुलं निवळतात त्यात नोकरी, संसार, जबाबदारी यांचा वाटा मोठा आहे. नुसतं वाट पाहत बसून ते होत नाही.

झुरिकच्या संशोधकांचा एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यांनी काही महिलांना टेस्टोस्टेरॉनची मात्रा दिली, काहींना हार्मोन नसलेली खोटी मात्रा, आणि पैसे वाटण्याचा खेळ खेळायला लावला. ज्यांना खरं हार्मोन मिळालं त्यांनी वाटप जास्त न्यायानं केलं. ज्यांना 'आपण ते घेतलंय' असं वाटत होतं, त्यांनी मात्र समोरच्याला कमी देऊ केलं, प्रत्यक्षात मात्रा कुठलीही मिळालेली असो. म्हणून मुलासमोर 'याच्या डोक्यात हार्मोन गेलेत' हे वाक्य घरात कुणी उच्चारू नये. दिरांनासुद्धा तसं स्पष्ट सांगा.

हे हार्मोन माणसाला आपल्या मानाबद्दल हळवं करतं, असं आज बरेच अभ्यासक मानतात. तो मान कशानं मिळवायचा, हे घर, शाळा आणि गल्ली शिकवते. मी परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) होते. गुन्ह्यात सापडलेल्या अल्पवयीन मुलांना ठेवतात त्या निरीक्षणगृहात मारहाणीच्या प्रकरणात आलेल्या पोट्ट्यांना 'का मारलंस?' विचारलं की उत्तर बहुतेक एकच असायचं: "मॅडम, त्यानं सगळ्यांसमोर इज्जत काढली." तुमच्या पत्रातली सर्वांत गंभीर गोष्ट मला बाटल्या वाटत नाही. ती गेटवरची थोबाडीत आहे. जो मोठा, तो चारचौघांत हात उचलतो, हा धडा त्याला घरातूनच मिळाला. त्याच्या बाबांनी त्याच्याजवळ जाऊन, एकट्यात, 'तसं मारायला नको होतं' एवढं म्हणावं. त्यानंतर दोघांनी मिळून त्या जखमी मुलाच्या घरी जावं, माफी मागावी, औषधाचा खर्च विचारावा. आपसात मिटवण्यात हे राहून गेलं असणार. जिम पूर्ण तोडू नका. इंजेक्शन देणाऱ्यापासून मात्र तोडा, आणि सकाळच्या मैदानी खेळाची, कबड्डीची, कुठलीही जागा द्या जिथे त्याचं नाव चांगल्या कारणानं घेतलं जाईल. घरात कुणाला मार लागण्याची भीती वाटली तर संकोच न करता ११२ लावा.

धंतोलीहून कायद्याची विद्यार्थिनी विचारते: "हार्मोनमुळे गुन्हा घडला, हा बचाव कोर्टात चालतो का?"

नुसता तेवढा नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम २२, म्हणजे जुन्या भारतीय दंड विधानाचं कलम ८४, एवढंच पाहतं: कृत्याच्या वेळी मनोविकारामुळे आरोपीला आपण काय करतोय किंवा ते चूक वा बेकायदा आहे, हे कळत नव्हतं का. २०१८ साली राजस्थान उच्च न्यायालयानं मुलांना विहिरीत ढकलल्याच्या जुन्या खटल्यात एका महिलेची शिक्षा रद्द केली. तिथे मासिक पाळीपूर्वीच्या तीव्र त्रासाचा मुद्दा होता. पण निकाल टिकला तो डॉक्टरांच्या साक्षीवर आणि वेडसरपणाच्या कायदेशीर कसोटीवर. 'पाळीत बाई हिंसक होते' असा त्याचा अर्थ लावणं साफ अन्यायाचं आहे, तुमच्या वर्गात कुणी लावला तर अडवा. सोबत कलम २३ आणि २४ वाचा, स्वतःहून केलेल्या नशेची सबब किती चालते ते तिथे आहे.