मेंदूच्या धर्तीवरच्या चिपचा न्यूरल इंजिनिअरिंगमध्ये खरंच उपयोग आहे का?

तुम्ही घणसोलीत राहता, इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहात आणि विचारताय, की न्यूरोमॉर्फिक, म्हणजे मेंदूच्या धर्तीवर बनवलेल्या चिपचा न्यूरल इंजिनिअरिंगमध्ये, म्हणजे मेंदू आणि मज्जातंतूंना उपकरणं जोडण्याच्या शास्त्रात, उपयोग आहे की नुसताच गाजावाजा? उपयोग आहे. मी महाप्याच्या एमआयडीसीत वैद्यकीय उपकरणांच्या सर्किटवर काम करतो, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा.

कवटीच्या आत बसवलेल्या उपकरणाची, म्हणजे इम्प्लांटची, मोठी अडचण म्हणजे उष्णता. समजा मेंदूचे सिग्नल टिपणारे हजार इलेक्ट्रोड आहेत आणि प्रत्येकाचे सेकंदाला 20,000 नमुने, 10 बिटचे घेतले. झाले 20 कोटी बिट, दर सेकंदाला! एवढं सगळं वायरलेसने बाहेर पाठवायला वीज लागते, वीज खर्च झाली की चिप तापते आणि शेजारच्या मेंदूच्या पेशींना एक-दोन अंशांची वाढही धोक्याची. त्यातून गंमत अशी, की या ढिगातलं कामाचं फार थोडं असतं. न्यूरॉनचा, म्हणजे मेंदूतल्या पेशीचा, स्पाइक (विजेचा छोटा झटका) जेमतेम एक मिलिसेकंदाचा. बाकी बराचसा नॉइज, म्हणजे बिनकामाचा गोंगाट.

अमेरिकेतल्या कॅलटेक संस्थेच्या कार्व्हर मीड यांनी 1980च्या दशकात मांडलेला, मेंदूची नक्कल करणाऱ्या सर्किटचा विचार इथे कामी येतो. अशा सर्किटची एक पद्धत म्हणजे सिग्नल बदलला तरच पल्स द्यायची, एरवी गप्प बसायचं. आयबीएमच्या 2014च्या ट्रूनॉर्थ चिपवर 10 लाख कृत्रिम न्यूरॉन होते आणि वीज लागायची साधारण 70 मिलिवॅट. अर्थात, आज माणसांत बसवलेल्या इम्प्लांटमध्ये बहुतेक नेहमीच्याच चिप आहेत, आणि स्पाइकिंग नेटवर्कला, म्हणजे अशा पल्सांवर चालणाऱ्या कृत्रिम न्यूरॉनच्या जाळ्याला, शिकवणं अजून किचकट आहे. हे क्षेत्र तयार व्हायचंय, म्हणूनच तुमच्या वयाच्या मुलांनी यात यावं असं मला मनापासून वाटतं.

पण सुरुवात महागड्या बोर्डाने करू नका. कोपर आणि मनगट यांच्यामधल्या स्नायूवर दोन इलेक्ट्रोड आणि कोपराच्या हाडावर एक चिकटवा. बॅटरीवर चालणारं तयार ईएमजी (स्नायूंचे विजेचे सिग्नल मोजणारं) मॉड्यूल घ्या. लॅपटॉपचा चार्जर काढूनच ठेवा. हा सुरक्षेचा प्रश्न आहे, शिवाय घरच्या विजेची 50 हर्ट्झची गुणगुणही कमी होते. मग छोटा प्रोग्रॅम लिहा: सिग्नल ठरावीक पायरीने वर गेला तर एक पल्स, खाली आला तर दुसरी. पायरी नॉइजपेक्षा जरा मोठी ठेवलीत, तर हात सैल असताना स्क्रीन जवळपास कोरी दिसेल आणि मूठ आवळली की पल्सांचा नुसता पाऊस. मूळ नमुने किती होते आणि पल्स किती उरल्या, ते मोजून वहीत लिहा. त्यानंतर याच पल्सांवरून मूठ आणि उघडा पंजा ओळखणारं छोटं स्पाइकिंग नेटवर्क पायथॉनमध्ये करून बघा.